मेलमधली लिंक उघडायची की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

गोदाकाठ

रिटर्न भरून झालं की लोक रिफंडची वाट बघायला लागतात, आणि नेमके त्याच दिवसांत 'तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, खात्याची खात्री करण्यासाठी इथे क्लिक करा' असे मेल सुरू होतात. मी नाशिकला एका कर सल्लागारांकडे काम करते. सीझनमध्ये आमच्याकडे 'ताई, हा मेल खरा आहे का?' असे फोन सतत चालू असतात. विचारणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, पेन्शनर, छोटे दुकानदार. ते विचारतात याचं मला मनापासून कौतुक आहे. काळजी वाटते ती न विचारता उघडणाऱ्यांची.

'तुम्हाला काय वाटतं?' असं मी उलट विचारते तेव्हा उत्तरं ठरलेली असतात. वर राजमुद्रा आहे, खाली आयकर भवनाचा पत्ता आहे, इंग्रजी शुद्ध आहे, माझं नाव बरोबर लिहिलंय, म्हणजे खरा असणार. यातलं काहीही आता पुरावा म्हणून चालत नाही. राजमुद्रेचं चित्र कुणालाही चिकटवता येतं. नाव आणि पॅन कधीकाळी कुठून तरी फुटलेल्या यादीत असतं. आणि पूर्वी खोटा मेल त्याच्या मोडक्या इंग्रजीवरून ओळखू यायचा, ते दिवसही गेले. आता खोट्या मेलची भाषा खऱ्या नोटिशीपेक्षा सुबक असते.

म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट शिकवते. मेल कसा दिसतो ते सोडा, लिंक कुठे नेते ते वाचा. कॉम्प्युटरवर असाल तर बटणावर माउस नुसता न्यायचा, दाबायचा नाही. खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरायचं, मग छोटी चौकट उघडते आणि त्यात पूर्ण पत्ता येतो.

तो पत्ता वाचायचा कसा, यातच सगळं आहे. (पत्ते इथे मुद्दाम देवनागरीत लिहितेय, म्हणजे धाग्यावरून कुणाच्या बोटानं चुकून उघडणार नाहीत.) समजा असा पत्ता आहे :

एचटीटीपीएस://इन्कमटॅक्स.जीओव्ही.इन.रिफंड-स्टेटस.टॉप/लॉगिन

सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्यापुढचे दोन स्लॅश सोडून द्या. त्यानंतर पहिला एकटा स्लॅश कुठे येतो ते बघा. इथे तो 'टॉप'नंतर आहे. तिथे थांबा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. पोस्टात पाकिटाचा पत्ता शेवटच्या ओळीपासून बघतात, आधी गाव, मग गल्ली, तसंच. टॉप, मग रिफंड-स्टेटस. झालं, मालक सापडला. ही जागा 'रिफंड-स्टेटस.टॉप' नावाच्या कुणाची तरी आहे. त्याच्या डावीकडे त्यानं आयकर लिहावं, रिझर्व्ह बँक लिहावं, काहीही लिहावं, त्याला कुणी अडवत नाही. आपण डावीकडून वाचतो, 'इन्कमटॅक्स.जीओव्ही.इन' दिसलं की डोळे तिथेच थांबतात, आणि त्याला नेमकं तेच हवं असतं.

खरं पोर्टल इन्कमटॅक्स.जीओव्ही.इन एवढंच आहे. जीओव्ही.इन हे शेपूट फक्त सरकारी खात्यांना मिळतं. पण 'इन्कमटॅक्स-जीओव्ही.इन' असं, मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ घालून नाव घ्यायला कुणालाही मोकळीक आहे. त्या एका रेघेकडे लक्ष द्या.

रिफंडबद्दल आणखी एक. रिफंड फक्त पोर्टलवर आधी प्रमाणित केलेल्या खात्यातच जमा होतो. त्यासाठी कार्ड नंबर, पिन, ओटीपी भरायचा फॉर्म आयकर विभाग मेलनं पाठवत नाही. नोटीस किंवा आदेश असेल तर १ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर डीआयएन हा क्रमांक असतो, आणि तो खरा आहे का हे पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतं. उलट एक गोष्ट निर्धास्तपणे सांगते : १४३(१) ची सूचना, म्हणजे रिटर्नवर प्रक्रिया झाली की येणारं पत्र, पासवर्ड घातलेल्या पीडीएफमध्ये येते, पासवर्ड म्हणजे स्मॉल अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख. पीडीएफला कुलूप आहे म्हणून ती खोटी, असं समजून बरेच जण खरी सूचनाच डिलीट करतात.

तुम्ही मंडळी कसं ठरवता, ते लिहा. मला लोकांना समजावायला उपयोग होईल.


पेन्शनर_ठाणे

आयुष्य बँकेत गेलं. माझा नियम सोपा : मेलमधली कोणतीच लिंक उघडायची नाही. पत्ता स्वतः टाइप करायचा. बाकी वाचत बसायची गरज नाही.


ओवी

काका, आदरपूर्वक असहमत. हा नियम पाळताच येत नाही. पासवर्ड विसरला की नवा करायची लिंक मेलवरच येते. नवीन खातं उघडलं की 'ईमेल पडताळा' ही लिंक मेलवरच येते. मुलाच्या शाळेची फी, मुलाखतीची व्हिडिओ कॉलची लिंक, लॅबचा रिपोर्ट, सगळं मेलवर. जो नियम दिवसातून चारदा मोडावा लागतो तो पाचव्या वेळी, नेमक्या नको तिथेही मोडला जातो.

मी वेगळा फरक करते. ही लिंक मी मागितली होती का? आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, मीच 'पासवर्ड विसरलो'वर दाबलं आणि मेल आला, तर तो माझ्या कृतीचं उत्तर आहे. काही न करता आपणहून 'तुमचा पासवर्ड बदला' असा मेल आला, तर तो कितीही खरा दिसो, मी त्यातून जात नाही. काम खरंच असेल तर ॲपमध्ये किंवा साइटवर स्वतः गेल्यावर तिथेही दिसतंच की.


कातळसडा

+१ ओवी. माझी शंका : पत्त्याच्या आधी कुलपाचं चिन्ह असेल तर साइट सुरक्षित ना? आमच्या तालुक्याच्या शिबिरात तसं सांगितलं होतं.


मेलवाला

कातळसडा, नाही. आणि हे शिबिरांतून अजून सांगितलं जातं याचं वाईट वाटतं. कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमच्या आणि त्या साइटच्या मधल्या वाटेवर कुणी तिसरा वाचू शकत नाही. साइट कुणाची आहे, त्याच्या मनात काय आहे, याबद्दल कुलूप काहीच बोलत नाही. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र आज फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, त्यामुळे खोट्या साइटींनाही ते असतंच. गूगलनं सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या ११७ व्या आवृत्तीत कुलपाचं चिन्ह काढून टाकलं, त्याचं कारण हेच : लोक त्याचा अर्थ 'विश्वासू' असा घेत होते.

मी पुण्यात एका कंपनीच्या मेल यंत्रणेचं काम बघतो. ओवीताईंनी जो प्रश्न विचारलाय, मी मागितली होती का, तो आमच्या सगळ्या प्रशिक्षणांपेक्षा जास्त उपयोगी आहे. त्याला जोडून एक खरी घडलेली गोष्ट सांगतो, कारण गोदाकाठ यांनी शिकवलेलं वाचन त्यात किती कामी आलं असतं ते दिसतं.

मार्च २०१६. अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावानं मेल आला : कुणीतरी युक्रेनमधून तुमचा पासवर्ड वापरून आत शिरायचा प्रयत्न केला, आम्ही थांबवलं, ताबडतोब पासवर्ड बदला. खाली निळं बटण. त्यामागे बिटली या सेवेनं आखूड केलेली लिंक होती, आणि ती जिथे नेत होती तो पत्ता असा होता :

मायअकाउंट.गूगल.कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज.टीके/

वाचा आता उजवीकडून. टीके, आणि त्याच्या डावीकडे 'कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज'. मालक हा. गूगल कुठेच नाही. 'गूगल.कॉम' नंतर टिंब किंवा स्लॅश नाही, आडवी रेघ आहे. गोदाकाठ म्हणाल्या तीच रेघ.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. पोडेस्टांच्या कार्यालयातल्यांनी विचारलं होतं! मोहिमेच्या तांत्रिक मदतनीसाला मेल दाखवला. त्यानं उत्तर दिलं की मेल खरा आहे, लगेच पासवर्ड बदलायला हवा. लिहायचं होतं 'खरा नाही', असं त्यानं नंतर सांगितलं. आणि त्याच उत्तरात त्यानं गूगलची अस्सल लिंकही दिली होती. पासवर्ड मात्र बदलला गेला तो मूळ मेलमधल्या बटणावरून. त्यांची सगळी मेलपेटी त्या ऑक्टोबरपासून विकिलीक्स या गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या साइटवर झळकली.

यातून मी माझ्या लोकांना सांगतो ते असं : 'हा मेल खरा का?' या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तरी त्याच मेलमधून जायचं कारण नसतं. पासवर्ड बदलायचाच आहे ना, मग आपल्या नेहमीच्या दारानं जाऊन बदला. मग मेल खरा असो की खोटा, फरकच पडत नाही.


पेन्शनर_ठाणे

हे पटलं. मी म्हणतो तेच, फक्त नीट शब्दांत.


थेम्सकाठी

आईबाबा कोल्हापूरला, मी लंडनजवळ. त्यांना शंका आली की व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट येतो, 'बघ गं, उघडू का?' अडचण अशी की स्क्रीनशॉटमध्ये बटण दिसतं, पत्ता दिसत नाही. निळ्या बटणावरून मी काहीच सांगू शकत नाही. आता मी त्यांना सांगून ठेवलंय : आधी बोट दाबून धरा, पत्त्याची चौकट उघडली की तिचा स्क्रीनशॉट पाठवा. बाबांना हे लगेच जमलं. ज्यांची मुलं लांब आहेत त्यांनी घरच्यांना एवढं शिकवून ठेवावं अशी कळकळीची विनंती.

दुसरं, मेल पाठवणाऱ्याचं नाव. फोनवर फक्त नाव दिसतं, 'आयकर विभाग' किंवा बँकेचं. ते नाव पाठवणारा हवं ते टाकू शकतो. नावाखालच्या छोट्या बाणावर दाबलं की खरा मेल पत्ता दिसतो. आईला आलेल्या एका मेलचं नाव तिच्या बँकेचं होतं आणि पत्ता कुठल्यातरी परदेशी फर्निचर दुकानाचा. त्या दुकानाचं खातं कुणीतरी बळकावलं असणार.


कातळसडा

कुलपाबद्दल धन्यवाद. पुढच्या शिबिरात मी स्वतः उठून सांगेन.

आता हे बघा. माझ्या खासगी बँकेचा मेल आला, व्याजाचं प्रमाणपत्र डाउनलोड करा म्हणून. बोट दाबून धरलं तर भलताच पत्ता, शंभर-दीडशे अक्षरांचा, बँकेचं नाव कुठेही नाही. शाखेत जाऊन विचारलं, तर मेल त्यांचाच! मग वाचून उपयोग काय?


मेलवाला

तुमचा राग रास्त आहे. घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवा प्रत्येक लिंक स्वतःच्या पत्त्यावरून फिरवून नेतात, कुणी उघडली ते मोजण्यासाठी. ऑफिसात आउटलुक वापरणाऱ्यांना सगळ्याच लिंका 'सेफलिंक्स' नावाच्या लांबलचक पत्त्यानं सुरू झालेल्या दिसतात, कारण मायक्रोसॉफ्टची यंत्रणा त्या तपासायला बदलून घेते. म्हणजे खरी लिंक परकी दिसते. बँकांनी ग्राहकांना 'पत्ता बघा' म्हणायचं आणि स्वतः असे पत्ते पाठवायचे, हे थांबायला हवं. शाखेत जाऊन विचारलंत तशी लेखी तक्रारही करा.

याची उलटी बाजू जास्त वाईट आहे : पत्ता अस्सल, पण हेतू खोटा. गूगलच्या साइट्स किंवा फॉर्म्सवर कुणीही फुकटात पान बनवू शकतो आणि पत्त्यात गूगल.कॉम खरंच असतं. एप्रिल २०२५ मध्ये असे मेल फिरले की पाठवणारा नो-रिप्लाय ॲट गूगल.कॉम, गूगलची तांत्रिक सहीसुद्धा बरोबर जुळत होती, कारण गूगलनंच कधीतरी पाठवलेला अस्सल मेल जसाच्या तसा पुढे ढकलला होता. मजकुरात कायदेशीर नोटिशीची भीती, आणि लिंक साइट्स.गूगल.कॉमवरच्या बनावट पानाची.

त्याआधी मे २०१७ मध्ये 'तुमच्याशी एक डॉक्युमेंट शेअर केलं आहे' असा मेल ओळखीच्या माणसांकडून आला. लिंक गूगलच्याच खऱ्या लॉगिन पानावर जायची. तिथे 'गूगल डॉक्स' नावाचं ॲप तुमचे मेल वाचायची परवानगी मागायचं. ते नाव भलत्याच कुणीतरी घेतलेलं होतं. पासवर्ड मागितलाच नाही. 'अलाउ' दाबलं की तुमच्या यादीतल्या सगळ्यांना तोच मेल. गूगलनं तासाभरात बंद केलं, पण तेवढ्यात तो जगभर गेला होता.

त्यामुळे पत्ता वाचणं ही पहिली चाळणी. पत्ता खोटा असेल तर काम संपलं, पुढे जायचंच नाही. पत्ता खरा असेल तर प्रश्न सुरू होतात : पान उघडल्यावर काय मागतंय? पासवर्ड, ओटीपी, कार्ड, परवानगी, की फाइल उतरवायला सांगतंय? मागणी आणि मेलचं कारण यांचा मेळ बसत नसेल तर बंद करा.


अनामिक_सातारकर

वाचनखूण साठवली. आखूड लिंका आणि क्यूआर कोडचं काय? आमच्या कुरियरवाल्याच्या नावानं मेल आला, त्यात फक्त क्यूआर होता.


मेलवाला

मेलमध्ये क्यूआर असण्याचं प्रामाणिक कारण फार क्वचित सापडेल. तुम्ही मेल ज्या फोनवर वाचताय त्याच फोननं स्कॅन कसा करणार? लिंक चित्रात दडवली की मेलची गाळणी ती वाचू शकत नाही, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून तुम्ही स्वतःच्या, कमी संरक्षण असलेल्या फोनवर जाता. म्हणून ते करतात. सोडून द्या.

आखूड लिंकेचा खरा पत्ता व्हायरसटोटलसारख्या लिंका तपासणाऱ्या साइटवर न उघडता बघता येतो. पण दोन सावधगिऱ्या. तिथे 'स्वच्छ' आलं म्हणजे सुरक्षित नव्हे, सकाळी बनवलेली साइट दुपारपर्यंत कुणाच्याच यादीत नसते. आणि पासवर्ड बदलायची किंवा तुमच्या नावाच्या रिपोर्टची लिंक तिथे टाकू नका, तिथे टाकलेलं इतरांनाही दिसू शकतं.


ओवी

पत्त्यांतल्या अक्षरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. इंग्रजी स्मॉल आर आणि एन शेजारी आले की एम दिसतो. स्मॉल एलच्या जागी १ चा आकडा. ओच्या जागी शून्य. फोनच्या बारीक अक्षरांत चाळिशीच्या चष्म्यालाच काय, कोवळ्या डोळ्यांनाही कळत नाही. रशियन लिपीतला 'आ' तर इंग्रजी ए सारखाच दिसतो; ब्राउझर असे पत्ते पुष्कळदा 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रूपात दाखवतात, तसं दिसलं की परत फिरा. आणि पत्त्यात पहिल्या एकट्या स्लॅशच्या आधी ॲटचं चिन्ह असेल तर त्याच्या आधीचं सगळं निरर्थक, खरा पत्ता त्याच्या नंतर सुरू होतो.


मेलवाला

बरोबर, आणि म्हणूनच मी डोळ्यांवर सगळं सोपवत नाही. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारी सोय, वापरा. क्रोममधला, आयफोनमधला, कुठलाही. तो अक्षरांच्या दिसण्याला फसत नाही, पत्ता तंतोतंत जुळला तरच पासवर्ड भरतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हातानं टाइप करायला जाऊ नका. आधी पत्ता बघा. जिथे पासकीची (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानं आत जायची) सोय आहे तिथे ती घ्या, कारण ती खोट्या साइटवर चालतच नाही. गूगलनं २०१८ मध्ये सांगितलं होतं, की ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना अशा तत्त्वावर चालणाऱ्या, हातात धरायच्या छोट्या किल्ल्या सक्तीनं दिल्यापासून एकाचंही कामाचं खातं फिशिंगनं, म्हणजे अशा खोट्या मेलच्या सापळ्यानं, गेलेलं नाही. तिथेही माणसं लिंका उघडत असतीलच. उघडून चोराच्या हाती काही लागत नाही, एवढंच.


पेन्शनर_ठाणे

बँकांच्या पत्त्यांबद्दल एक चांगली बातमी इथे नोंदवतो, अजून फार जणांना माहीत नाही. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ च्या पतधोरणात जाहीर केलं, की बँकांसाठी 'बँक.इन' हे वेगळं शेपूट असेल. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी तिकडे जायचं होतं. हे नाव द्यायचा अधिकार एकट्या आयडीआरबीटीला, ती रिझर्व्ह बँकेनंच स्थापलेली हैदराबादची संस्था. म्हणजे जीओव्ही.इन जसं सरकारचं, तसं बँक.इन बँकांचं. नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या. आपल्या महाराष्ट्रात सहकारी बँकांचे खातेदार किती आहेत ते सांगायला नको, आणि आजवर त्यांच्या बँकेचा पत्ता कॉम आहे, को.इन आहे की आणखी काही, हे त्यांना धड ठाऊक नसायचं.

वाचायचं मात्र गोदाकाठ ताईंच्या रीतीनंच. पहिल्या स्लॅशच्या आधी शेवटी 'टिंब बँक टिंब इन' हवं. 'अमुक-बँक.इन' असं रेघेनं जोडलेलं असेल तर ते कुणाचंही असू शकतं.


थेम्सकाठी

काका, हे माहीत नव्हतं, मनापासून धन्यवाद. एनआरई खात्याचे सगळे व्यवहार मी इथून मेल आणि ॲपवरच करते. आजच जुने बुकमार्क बदलते.


गोदाकाठ

फार छान माहिती, काका. एक भर घालते, नाहीतर लोक टोकाला जातील. प्रत्येक अधिकृत संस्थेचं शेपूट जीओव्ही.इन किंवा बँक.इन नसतं. महावितरणचा पत्ता महाडिस्कॉम.इन. रेल्वे तिकिटांचा आयआरसीटीसी.को.इन. एलआयसीचा एलआयसीइंडिया.इन. 'आज रात्री वीज तोडू' अशा धमकीचे संदेश लोकांना येतात तेव्हा त्यांना खरा पत्ता आधीच माहीत असेल तरच फरक करता येईल. वाहनाच्या दंडाचं बघायचं तर ई-चलान.परिवहन.जीओव्ही.इन (पत्त्यात ई-चलान सलग लिहितात, रेघ नाही), नाहीतर राज्याची महाट्रॅफिकईचलान.जीओव्ही.इन. चलानाच्या नावानं एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी) आली तर ती कुठल्याही परिस्थितीत उतरवायची नाही. सरकार चलान बघायला ॲप मेलला जोडून पाठवत नाही.


रानजाई

धागा पूर्ण वाचला. घाबरून लिहितेय. शेजारच्या आजींनी काल अशीच लिंक उघडली. बँकेचं पान आलं, त्यांना शंका आली, काही न भरता बंद केलं. आता त्या फोनच बंद करून बसल्यात. पैसे जातील का?


मेलवाला

रानजाई, आजींना आधी सांगा की त्यांनी अगदी बरोबर केलं. फोन आणि ब्राउझर अद्ययावत असेल तर नुसतं पान उघडून बंद केल्यानं पैसे जात नाहीत. नुसत्या उघडण्यानं फोनचा ताबा घेणारे हल्ले असतात, पण ते महागडे असतात, पेन्शनरांच्या खात्यांसाठी सहसा कुणी वापरत नाही. बहुतेक नुकसान होतं ते काही टाइप केल्यानं किंवा फाइल बसवल्यानं. तुम्ही एवढं बघा : डाउनलोडमध्ये नवीन एपीके आलीय का, नवीन ॲप दिसतंय का, सेटिंग्जमध्ये कुठल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचायची आणि चालवायची) परवानगी दिली गेलीय का. नसेल तर फोन चालू करून वापरायला हरकत नाही. पाठवणाऱ्याला लिंक उघडल्याचं कळलेलं असू शकतं, तेव्हा येत्या दिवसांत 'बँकेतून बोलतोय' असे फोन येतील, तेवढं सांगून ठेवा.

कुणी पासवर्ड भरलाच असेल, तर खऱ्या साइटवरून तो लगेच बदला, 'सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर पडा' दाबा, आणि मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग कुठे लावून ठेवलंय का ते नक्की बघा. पासवर्ड बदलला तरी फॉरवर्डिंग चालूच राहतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.


पेन्शनर_ठाणे

आणि पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका, त्याच मिनिटाला बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. सायबरक्राइम.जीओव्ही.इनवर तक्रार नोंदवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतो, जितक्या लवकर कळवाल तितका वाटेत अडवता येतो. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढून जबाबदारी ठरवून दिली. ग्राहकानं स्वतः ओटीपी वगैरे दिलेला असला तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. ग्राहकाची चूक नसताना माहिती त्रयस्थाकडून फुटली असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच नाही. काउंटरच्या पलीकडे बसून मी पाहिलंय, माणसं मुलाला काय वाटेल म्हणून दोन-दोन दिवस बोलत नाहीत. तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा, पुढे तेच उपयोगी पडतं.


रानजाई

आजींना सगळं वाचून दाखवलं. नवीन ॲप काही नाही. त्यांनी फोन चालू केला आणि आधी नातीला फोन लावला. खूप आभार सगळ्यांचे.


अनामिक_सातारकर

असे मेल आले तर नुसते डिलीट करावेत की कुठे कळवावेत?


गोदाकाठ

कळवा, मग डिलीट करा. जीमेलमध्ये तीन टिंबांखाली 'रिपोर्ट फिशिंग' आहे. फोनच्या ॲपमध्ये ते सापडलं नाही तर कॉम्प्युटरवरून करा. आयकराच्या नावाचा असेल तर वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स.जीओव्ही.इन या पत्त्यावर पाठवा आणि प्रत इन्सिडेंट ॲट सर्ट-इन.ऑर्ग.इन ला. सर्ट-इन म्हणजे केंद्र सरकारची सायबर घटनांची संस्था. शक्य असेल तर मेलचा पूर्ण हेडरही सोबत द्या. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' दाबलं की मिळतो. त्यावरून मेल कुठून निघाला ते त्यांना कळतं.

या धाग्यावरून मी आमच्या ऑफिससाठी मराठीत एक पान करतेय, मोठ्या अक्षरांत, फोनजवळ भिंतीला लावता येईल असं. वर उजवीकडून वाचायची रीत, खाली आयकर, वीज, रेल्वे, एलआयसी, चलान यांचे खरे पत्ते आणि १९३०. बँकांची जागा रिकामी ठेवलीय. ज्यांचं खातं सहकारी बँकेत आहे त्यांनी नवा पत्ता शाखेत जाऊन किंवा पासबुकावर बघून इथे लिहा. गूगलवर शोधून नको, तिथे जाहिरातीत खोट्या साइट वर येतात. पेन्शनर काका, ठाणे आणि मुंबईच्या बँकांचं तुम्ही बघाल का?


पेन्शनर_ठाणे

बघतो. सोमवारी दोन शाखांत जायचंच आहे. पान तयार झालं की इथे टाका, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर लावायला मला प्रती हव्यात.